बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

मुलगा अभ्यास सोडून चेंडूच्या मागे लागला, ही तक्रार पालकांच्या तोंडून आमच्या कानी वारंवार येते. चेंडू उडविण्यात हातापायांना व्यायाम घडत असेल. परंतु त्यात बुद्धीचे व मनाचे शिक्षण ते कोणते, असा प्रश्नही त्या तक्रारीच्या पोटात दडलेला असतो. हा प्रश्न हसून उडवून देण्यासारखा नाही. ज्या गृहस्थांच्या चरित्राची ओळख आम्ही ह्या लेखात करून देत आहो, त्यांनाही त्यांच्या जवळच्या माणसांनी हाच प्रश्न विचारला होता. आणि त्याचे उत्तर देण्यात त्यांच्या आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे खर्ची पडली.

हे चरित्र निवडण्याचे दुसरेही एक कारण आहे. कुस्ती, हुतुतू, आट्यापाट्या हे खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळता खेळता घडत गेले. त्यांचा कर्ता अमुक, असे बोट दाखवून सांगता येत नाही. बास्केटबॉलची गोष्ट अगदी निराळी. तो एका शिक्षकाने, एका हट्टी वर्गासाठी, दोन आठवड्यांच्या मुदतीत, विचारपूर्वक रचला. त्याच्या मूळ नियमांमागे खेळणाऱ्याने कोणते कौशल्य मिळवावे व मन कसे आवरावे, ह्याविषयीचा निश्चित हेतू होता. तेव्हा बास्केटबॉल शिकू लागलेल्या विद्यार्थ्याने आपल्या खेळाचे मर्म जाणावयाचे, तर त्या शिक्षकाचे चरित्र पाहणे हाच सरळ मार्ग होय.

जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, आल्मॉन्ट गावाजवळ, एका स्कॉटिश कुटुंबात झाला. १८७० साली विषमज्वराने त्यांचे वडील गेले व थोड्याच दिवसांत त्याच रोगाने आईही गेली. त्या वेळी जेम्सला जेमतेम नववे वर्ष लागत होते. पुढे त्याचा व त्याच्या भावंडांचा सांभाळ पीटर यंग ह्या अविवाहित मामाने केला. मामा शेतकरी होता. प्रेमळ, पण अत्यंत करडा. एका हिवाळ्यात जेम्स घोडे घेऊन गोठलेली नदी ओलांडीत असता बर्फ फुटला व घोडे पाण्यात सापडले. पोराने जिवापाड धडपड करून ते बाहेर काढले. वर पाहतो तो मामा झाडाआड उभा राहून सारे पाहत होता. मदतीस मात्र धावला नव्हता, अशी कथा सांगतात. मुलांना स्वावलंबन शिकविण्याची ही रीत आम्ही पालकांस सुचवू इच्छीत नाही. तथापि संकटात दुसऱ्याकडे न पाहता आपली बुद्धी प्रथम चालवावी, ही सवय त्या मुलाच्या हाडीमाशी खिळली, एवढे खरे.

त्या भागातील मुले शाळा सुटल्यावर एक खेळ खेळत. मोठ्या खडकावर मुठीएवढा दगड ठेवावयाचा, त्याच्या रक्षणास एकाने उभे राहावयाचे, आणि बाकीच्यांनी दूर रेघेवरून आपापला दगड फेकून तो पाडावयाचा. दगड फेकल्यावर तो उचलून रेघेकडे परत पळावे लागे. त्या धावपळीत रक्षकाने शिवले की राज्य आले. आमच्या वाचकांना येथे लगोरीची आठवण होईल. ह्या खेळात जो अंगातले सारे बळ लावून सपाट दगड मारी, त्याचा नेम चुकला की दगड दूर जाऊन पडे, आणि तो आणण्यास गेलेला गडी हटकून सापडे. जो दगड हलकेच उंच, कमान करून टाकी, त्याचा दगड खडकाजवळच पडे व तो सुखरूप परते. जेम्सने ही खुबी बालपणीच हेरली. पुढे वीस वर्षांनी हा खडकावरचा दगड जगाच्या किती उपयोगी पडणार होता, हे त्या वेळी कोणास ठाऊक!

शाळेत मात्र त्याचे लक्ष लागले नाही. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याने शाळा सोडली आणि जंगलात लाकूडतोड्याचे काम धरले. चार-पाच वर्षे अशी गेल्यावर त्याला आपली चूक उमगली, आणि विशीला आलेला हा धिप्पाड तरुण पुन्हा आल्मॉन्टच्या हायस्कुलात, आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या शेजारी, बाकावर जाऊन बसला. हे धैर्य नदीतून घोडे काढण्याच्या धैर्याहून कमी प्रतीचे नव्हते, असे आम्हास वाटते. १८८३ साली तो मॉन्ट्रिऑलच्या मॅक्गिल विद्यापीठात दाखल झाला. धर्मोपदेशक व्हावयाचे, हा त्याचा निश्चय ठरला होता.

विद्यापीठात प्रथम तो केवळ पुस्तकांत बुडून गेला. तेव्हा वरच्या वर्गातील दोघे विद्यार्थी त्याच्या खोलीवर आले आणि असे केल्यास शरीर टिकणार नाही, म्हणून त्यांनी त्याला व्यायामशाळेचा रस्ता दाखविला. पुढे एकदा फुटबॉलचा सराव पाहत उभा असता एक गडी जखमी झाला, आणि त्याच्या जागी कोणी उतरतो काय, असे विचारताच नेस्मिथ अंगातला कोट काढून पुढे झाले. तेथून पुढे विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील त्यांची जागा कायम झाली. हा तिकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू उराशी धरून पळण्याचा व पळणाऱ्यास अंगावर झेपावून पाडण्याचा खेळ. नाजूक माणसाचे ते काम नव्हे. धर्मशास्त्राचे सहाध्यायी ह्यामुळे अस्वस्थ झाले. उद्याचा उपदेशक डोळ्याभोवती काळेनिळे वळ घेऊन व्यासपीठावर चढतो, हे दृश्य त्यांस शोभेनासे वाटे. त्यांच्या बहिणीलाही, धर्मोपदेशकाचे काम सोडून भावाने खेळांचा मार्ग धरला, हे फार काळ रुचले नाही, असे सांगतात.

परंतु मैदानावरच एक लहानशी घटना घडली व तिने नेस्मिथांच्या मनाचा काटा कायमचा एका बाजूस झुकला. एका सामन्यात चुरशीच्या क्षणी शेजारच्या गड्याच्या तोंडून शिवी बाहेर पडली. लगेच त्याने नेस्मिथांकडे वळून, आपण जवळ आहात हे विसरलो, अशी क्षमा मागितली. नेस्मिथांनी त्याला ह्या बाबतीत पूर्वी कधी एक शब्दही सांगितला नव्हता. ते नुसते त्याच्याबरोबर खेळत आले होते, जीव तोडून आणि स्वच्छपणे. जे काम उपदेशाने होत नाही ते सहवासाने, तेही धक्काबुक्कीच्या ऐन गर्दीत, होऊ शकते, हे त्यांच्या ध्यानी आले. १८९० साली धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा होताच ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे गेले. वाय. एम. सी. ए. ह्या नावाने आपल्याकडेही परिचित असलेल्या संस्थेचे शिक्षक तेथील ट्रेनिंग स्कुलात तयार होत, आणि व्यायाम-विभागाचे प्रमुख होते डॉ. ल्यूथर गुलिक.

आता आपण मुख्य प्रसंगाकडे येऊ. १८९१ सालचा हिवाळा. त्या प्रदेशात थंडीच्या दिवसांत बाहेरची मैदाने बर्फाखाली जातात, आणि विद्यार्थ्यांस चार भिंतींच्या आत कवायत व जिम्नॅस्टिक करावे लागे. अठरा जणांचा एक वर्ग ह्या कवायतीला विटून गेला होता. ही शाळकरी पोरे नव्हती. संस्थेचे चिटणीस होण्यासाठी आलेले मोठे तरुण होते, आणि पाय आपटीत रांगेत चालणे त्यांस पोरकट वाटे. दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले. तेव्हा गुलिक ह्यांनी तो वर्ग नेस्मिथांच्या गळ्यात घातला. थोड्याच दिवसांपूर्वी, जगात अगदी नवे असे काही नसते, जुन्यातील अंशांची नवी जुळणी म्हणजेच नवी वस्तू, असा विचार गुलिक ह्यांनी वर्गात मांडला होता. आणि मग अशा रीतीने नवा खेळही बनविता येईल, असे नेस्मिथ बोलून गेले होते. बोलल्याचे करून दाखविण्याची पाळी आता त्यांच्यावर आली. मुदत दोन आठवड्यांची होती.

आरंभीच्या दिवसांत सारे प्रयोग फसले. बाहेरचे खेळ त्यांनी आत आणून पाहिले. फुटबॉल खेळविला तो लाकडी जमिनीवर माणसे आदळू लागली. पायाने खेळावयाचा फुटबॉल आणला तेव्हा खिडक्यांच्या काचांवर संक्रांत आली. काठीच्या जाळीने चेंडू झेलण्याचा लॅक्रॉस हा कॅनडातील खेळ, त्यात तोंडे फुटली. मुदत संपत आली. पराभव कबूल करण्याखेरीज गत्यंतर नाही अशा मनःस्थितीत ते आपल्या टेबलापाशी बसले, आणि खेळ शोधण्याचे सोडून त्यांनी खेळांचा विचार आरंभिला.

हा विचार कसा झाला, ते तपशिलाने सांगण्यासारखे आहे. सांघिक खेळाला चेंडू हवा. चेंडू लहान असला की त्याला मारण्यासाठी बॅट किंवा काठी लागते, आणि हत्यार चालविण्याचे कौशल्य मिळविण्यास वेळ फार लागतो. म्हणून चेंडू मोठा, हाताने सहज धरता येईल असा असावा. खेळात दांडगाई का शिरते? धावणाऱ्याला पाडावे लागते म्हणून. त्याला का पाडावे लागते? तो चेंडू घेऊन पळतो म्हणून. मग चेंडू घेऊन पळावयाचेच नाही, असे ठरविले तर? ह्या ठिकाणी नेस्मिथांना आपला खेळ सापडला. चेंडू हाती आला की गड्याने थांबावे व तो सोबत्याकडे टाकावा. राहता राहिला गोल. गोल जमिनीवर उभा असला की चेंडू जितका जोराने मारावा तितका लाभ. आणि बंद खोलीत जोराने मारलेला चेंडू म्हणजे इजा. येथे त्यांना बालपणीचा तो खडक आठवला. गोल आडवा करून डोक्याच्या वर बसविला, तर चेंडू कमान करूनच टाकावा लागेल, आणि मग बळाचे काही चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शाळेच्या रखवालदाराकडे अठरा इंची दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पण पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या त्यांनी व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला दोन बाजूंस ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, आणि केवळ तेवढ्याच कारणास्तव आजतागायत साऱ्या जगात बास्केटबॉलचे कडे दहा फुटांवर आहे! तेरा नियम टंकलिखित करून फळ्यावर लावले गेले. अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊचे दोन संघ पडले, फुटबॉलचा चेंडू मध्यभागी वर उडविला गेला, आणि २१ डिसेंबर १८९१ ही ह्या खेळाची जन्मतिथी मानली जाते. त्या पहिल्या सामन्यात सबंध वेळात एकच गोल झाला, तो विल्यम चेस ह्या विद्यार्थ्याने केला. दंग्यात सर्वांच्या पुढे असणारा फ्रँक महान नावाचा विद्यार्थी तर नव्या खेळाच्या इतका प्रेमात पडला की फळ्यावरील नियमांचा कागदच त्याने गुपचूप लांबविला. पुढे मात्र तो प्रामाणिकपणे नेस्मिथांना परत दिला. खेळास नेस्मिथांचे नाव द्यावे, ही सूचनाही त्याचीच. नेस्मिथांनी ती हसण्यावारी नेली. तेव्हा, टोपली आहे आणि चेंडू आहे, म्हणून बास्केटबॉल हे नाव पडले.

बास्केटबॉल शिकणाऱ्या मुलाने त्या तेरा नियमांतील दोन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात, असे आम्हास वाटते. पहिली हातासंबंधी. कडे आडवे असल्यामुळे चेंडू जितका सपाट येईल तितके कड्याचे तोंड त्याच्यापुढे अरुंद होते. आजचे कडे सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद व मोठ्यांचा चेंडू सुमारे चोवीस सेंटिमीटर व्यासाचा. गणिताच्या विद्यार्थ्यांनी आकडेमोड करून पाहावी. बत्तीस अंशांहून कमी तिरप्या कोनाने खाली येणारा चेंडू कड्याला न घासता आत जाणे शक्यच नाही. म्हणून नवशिक्याने छातीतून जोर लावून चेंडू ढकलू नये. गुडघ्यांतून उभारी घ्यावी, कोपर कड्याकडे असावे, आणि शेवटी मनगट व बोटे ह्यांनी चेंडूला हलकेच निरोप द्यावा. लहान मुलांच्या हाती मोठा जड चेंडू देऊन दहा फुटांवरील कडे दाखविले, तर ती ढकलण्याचीच खोड लावून घेतात, आणि ती पुढे सुटत नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी आता लहान चेंडू व सुमारे साडेआठ फुटांवरील कडे वापरतात, ते ह्याचसाठी.

दुसरी गोष्ट मनासंबंधी. खांद्याने ढकलणे, धरणे, पाय घालून पाडणे, मारणे ह्या सर्वांस मूळ नियमांत बंदी होती. पहिल्या वेळी तो अपराध गणला जाई. दुसऱ्या वेळी त्या गड्याला पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसावे लागे. आणि इजा करण्याचा हेतू स्पष्ट दिसला, तर सबंध खेळभर, त्याच्या जागी दुसरा गडी न घेता. एकाच संघाने लागोपाठ तीन अपराध केले की प्रतिपक्षाला एक गोल फुकट मिळे. ह्याचा अर्थ असा की एकाच्या रागाचा दंड सर्व सोबत्यांनी भरावयाचा. प्रतिपक्षी अगदी अंगाला अंग लावून उभा आहे, चेंडू हातभर अंतरावर आहे, रक्त तापले आहे, आणि तरीही हात आवरावयाचा. वर्गात बसून संयमावर निबंध लिहिणे ह्यापेक्षा पुष्कळ सोपे. ज्या पालकांस मैदानावर मनाचे शिक्षण दिसत नाही, त्यांनी एखादा सामना गुण न मोजता, केवळ मुलांचे हात कोठे आहेत हे पाहत, पाहावा.

खेळ वणव्यासारखा पसरला. १५ जानेवारी १८९२ रोजी नियम शाळेच्या पत्रात छापले गेले, आणि वाय. एम. सी. ए.च्या शाखांतून ते देशोदेशी पोहोचले. स्त्रियाही लवकरच खेळू लागल्या. १८९४ साली नेस्मिथांनी ज्या मॉड शर्मन ह्यांच्याशी विवाह केला, त्या ह्या पहिल्या स्त्री-खेळाडूंपैकी एक होत्या. खेळाडूंनी स्वतःच्या बुद्धीनेही त्यात भर घातली. चेंडू घेऊन पळू नये हे खरे. पण कोंडीत सापडलेल्या गड्याने चेंडू जमिनीवर आपटून पुन्हा आपणच घेतला तर? येथूनच आजचे चेंडू थापटत पुढे जाण्याचे कौशल्य जन्मास आले. निर्मात्याला जे सुचले नव्हते ते मुलांना सुचले.

आपल्याकडे ह्या खेळाची मुळे रुजविण्यात स्प्रिंगफील्डचाच हात होता. तेथे शिकलेले हॅरी क्रो बक ह्यांनी १९२० साली मद्रास येथे वाय. एम. सी. ए.चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापिले, आणि तेथून शिकून बाहेर पडलेले शिक्षक अनेक प्रांतांतील शाळांत गेले. मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांनी तर हा खेळ असा आपलासा केला की त्या वस्तीचे नाव घेताच जाणकारांस बास्केटबॉल आठवतो.

नेस्मिथ स्वतः मात्र ह्या गाजावाजात फारसे रमले नाहीत. १८९५ साली ते डेन्व्हरला गेले, तेथे नोकरी सांभाळून त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला, व १८९८ साली डॉक्टरची पदवी मिळविली. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठाने त्यांना प्रार्थनामंदिराचे संचालक व व्यायामशिक्षक म्हणून बोलाविले. उरलेले सारे आयुष्य, मधील युद्धकाळ वगळता, त्यांनी तेथेच लॉरेन्स गावी काढले.

ह्या ठिकाणी चरित्रातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग येतो. कॅन्ससचा बास्केटबॉल संघ नेस्मिथांनी उभा केला. १८९९ च्या फेब्रुवारीत त्याचा पहिला सामना झाला आणि तो १६ विरुद्ध ५ असा हरला. १९०७ पर्यंत ते संघाचे मार्गदर्शक होते. त्या काळात संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या आजवरच्या मार्गदर्शकांत जयांपेक्षा पराजय अधिक असणारे ते एकटेच. आणि गंमत अशी की खेळाचे जनकही तेच! सामन्यात कधी कधी ते पंचाचे काम करीत. कवायतीसारखे डाव बसवून घेणे, बाजूला उभे राहून ओरडून खेळाडूंना हाकणे, हे त्यांना मान्यच नव्हते. मुलांनी खेळावे, स्वतः पाहावे, चुकावे, स्वतःच मार्ग काढावा, हे त्यांचे मत. संघ हरला तरी खेळाडू वाढला की नाही, एवढेच ते पाहत. नदीकाठच्या झाडाआड उभा राहिलेला मामा आम्हास येथे पुन्हा दिसतो.

त्यांच्याच शिष्यांत फॉरेस्ट अ‍ॅलन नावाचा एक तेजस्वी तरुण होता. बेकर विद्यापीठाने त्याला बास्केटबॉल शिकविण्यासाठी बोलाविले, तेव्हा नेस्मिथांना त्याचे नवलच वाटले. हा खेळ शिकवावयाचा नसतो, खेळावयाचा असतो, असे त्यांनी त्याला सांगितले. अ‍ॅलनला हे पटले नाही. त्याने खेळाडूंच्या पायांची ठेवण, चेंडू धरण्याची रीत, जागा सोडण्याची वेळ ह्या साऱ्यांचा बारकाईने अभ्यास केला, आणि नेस्मिथांच्या मागून कॅन्ससचा मार्गदर्शक होऊन एकूण एकोणचाळीस हंगामांत शेकडो सामने जिंकून दाखविले. गुरुशिष्यांचा हा मतभेद जन्मभर राहिला. परस्परांविषयीचा आदरही तसाच राहिला.

ह्या वादात कोणाचा पक्ष खरा? आम्हास विचाराल तर कौशल्याच्या बाबतीत शिष्य बरोबर होता. चुकीच्या रीतीने हजार वेळा चेंडू फेकला तर चूकच पक्की होते. जाणत्याने वेळीच कोपर सरळ केले, तर वर्षाचे श्रम वाचतात. गवई आपल्या शिष्याला सूर लावून घेण्यास बसवितो, तो काही त्याची बुद्धी मारण्यासाठी नव्हे. परंतु खेळ कशासाठी शिकवावयाचा, ह्या बाबतीत आम्ही गुरूच्या बाजूचे आहो. शाळकरी मुलाचा सामना म्हणजे मोठ्या माणसांच्या अभिमानाची लढाई झाली की मुलगा चुकण्यास भितो, आणि चुकण्यास भिणारा मुलगा नवे काही करून पाहत नाही. चेंडू थापटण्याची युक्ती अशा भयभीत मुलांच्या हातून निघाली नसती. सामन्याच्या दिवशी मैदानाकडेला उभे राहून आपल्याच मुलावर खेकसणारे वडील आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या मुलाची नजर चेंडूपेक्षा वडिलांच्या तोंडाकडेच अधिक वेळ असते.

ह्या दोन मतांचा मेळ पुढे एका तिसऱ्याच्या ठिकाणी झाला. १९३३ साली जॉन मॅकलेंडन नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी व्यायामशास्त्र शिकण्यासाठी कॅन्सस विद्यापीठात आला. वर्णभेदाच्या त्या काळात विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची दारे त्याला बंद होती. मनुष्यमात्राच्या शीलासाठी म्हणून जन्मलेल्या खेळातच, निर्मात्याच्या डोळ्यांदेखत, कातडीचा रंग पाहून माणसे बाहेर ठेवली जात होती, ही लाजिरवाणी गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. बहात्तरीत पाऊल टाकलेले नेस्मिथ संघाचे दार उघडू शकले नाहीत. परंतु त्यांनी मॅकलेंडनला आपला विद्यार्थी मानून जवळ घेतले, पोहण्याच्या तलावावरून त्याला अडविण्याचा प्रयत्न झाला तेव्हा त्याच्या मागे उभे राहिले, आणि पुढील शिक्षणाच्या व नोकरीच्या मार्गाला त्याला लावून दिले. खेळातली एक मोठी दृष्टीही दिली: चेंडू जेथे असेल तेथे खेळ, मैदानाच्या एका टोकाला कुंपण घालून बसू नये. ज्याला संघात कधी घेतले गेले नाही, त्या ह्या शिष्याने ही दृष्टी कठोर सरावाची जोड देऊन अशी वाढविली की सबंध मैदानभर वेगाने खेळण्याच्या पद्धतीचा तो एक अग्रणी ठरला. १९५७, १९५८ व १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याच्या टेनेसी येथील संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. ते पाहण्यास गुरू हयात नव्हते.

मधल्या काळातील गोष्टी थोडक्यात सांगतो. १९१६ साली नेस्मिथांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. म्हणजे तरुणपणी सोडलेली वाट त्यांनी पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास पुरी केली. त्याच वर्षी ते कॅन्ससच्या पलटणीबरोबर मेक्सिकोच्या सरहद्दीवर गेले, आणि पुढे महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांच्या सेवेस राहिले. १९२५ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. आपल्या खेळावर त्यांनी पैसा मिळविला नाही, तशी फारशी खटपटही केली नाही. स्वतः तर ते बास्केटबॉल फार थोडेच खेळले; कुस्ती व तलवारबाजी हेच त्यांच्या आवडीचे व्यायाम.

१९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथम स्थान मिळाले. त्यासाठी सर्वांत अधिक खटपट केली होती ती शिष्य अ‍ॅलनने. वृद्ध नेस्मिथांजवळ तेथवर जाण्यापुरता पैसा नव्हता. तेव्हा अमेरिकेतील बास्केटबॉल-शिक्षकांनी वर्गणी गोळा करून त्यांस पाठविले. एस्टोनिया व फ्रान्स ह्यांच्यातील पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांच्या हस्ते उडविला गेला. जपान, चीन, फिलिपाइन्स येथपासूनचे संघ त्यांच्यासमोर खेळले. अंतिम सामना उघड्यावर, मुसळधार पावसात झाला. मैदानाचा चिखल होऊन चेंडू थापटणेच अशक्य झाले, आणि अमेरिकेने कॅनडावर १९ विरुद्ध ८ असा विजय मिळविला. जन्मभूमी व कर्मभूमी ह्यांच्यातील तो सामना पाहताना त्या म्हाताऱ्याला काय वाटले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. चिखलामुळे चेंडू हातून हाती टाकण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. म्हणजे १८९१ सालचा खेळच जणू पुन्हा खेळला गेला.

पुढील वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे नेस्मिथही निवर्तले. खेळाच्या जन्माचा त्यांनी लिहिलेला वृत्तान्त १९४१ साली पुस्तकरूपाने निघाला. महान ह्याने पळवून परत केलेला नियमांचा तो कागद त्यांच्या कुटुंबात राहिला होता. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा लिलाव झाला, आणि कॅन्सस विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने त्रेचाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमत देऊन तो घेतला. आता तो विद्यापीठाच्या आवारात सर्वांना पाहता येतो. शेजारीच बास्केटबॉलचे भव्य सभागृह आहे. सभागृहाला नाव अ‍ॅलनचे आहे, आणि आतील ज्या जमिनीवर मुले खेळतात, तिला नाव नेस्मिथांचे.